दाद : आस्वाद आणि न्याय यांच्यामधला एक प्रश्न

‘दाद’ हा शब्द मराठीने फारसीकडून घेतला. तिथे त्याचा मूळ अर्थ न्याय असा आहे. मराठीत तो आला आणि त्याला दोन वाटा फुटल्या. माणूस दाद मागायला कचेरीत जातो आणि दाद द्यायला मैफलीत बसतो. पहिल्या प्रसंगी तो अन्यायाचे निवारण मागत असतो, दुसऱ्या प्रसंगी समेवर आलेल्या गायकाला मान डोलावून प्रतिसाद देत असतो. आपल्या समीक्षाविचाराने यांपैकी दुसरी वाट तेवढी उचलली. दाद म्हणजे रसिकाच्या मनातून उमटलेला हुंकार, असे आपण मानत आलो. वस्तुतः हुंकारात निवाडाही दडलेला असतो. ‘हे साधले’ असे म्हणणारा ‘ते साधले नाही’ असेही म्हणू शकत असला पाहिजे. एरवी त्याची मान डोलते ती केवळ सवयीने. दाद हा न्यायाचा प्रकार आहे, असे मानले तर ती कोणाला द्यायची आणि कोणाला नाकारायची, हा प्रश्न अभिरुचीपुरता राहत नाही. तो नैतिक होतो.

हा प्रश्न आज ज्या क्षेत्रात तीव्रतेने उभा राहिला आहे, त्या क्षेत्राकडे मराठी समीक्षेने अद्याप पाहिलेले नाही. संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर खेळले जाणारे गेम, आणि त्यातही कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आश्रयाशिवाय एकट्याने वा चार-दोन जणांनी रचलेले गेम, हे ते क्षेत्र होय. ‘पोरखेळ’ म्हणून त्याची बोळवण करण्याआधी नाट्यशास्त्राचा पहिला अध्याय आठवावा. देवांनी ब्रह्मदेवाकडे जे मागितले ते ‘क्रीडनीयक’ होते, म्हणजे खेळणे. पाहता येईल आणि ऐकताही येईल असे. नाट्याची उत्पत्तिकथाच जर खेळण्याच्या मागणीपासून सुरू होत असेल, तर पाहता, ऐकता आणि शिवाय स्वतः करता येणाऱ्या खेळण्याला साहित्यविचाराच्या उंबरठ्यावर थोपवून धरण्याचे कारण उरत नाही.

उदाहरणे दूरची नाहीत. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने ‘राजी’ हा गेम रचायला घेतला. २०१७ साली त्यासाठी लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरीही काम चालू राहिले. २०२० साली गेम प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी जगभरच्या गेमसाठी दिल्या जाणाऱ्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या कृतींत त्याला नामांकन मिळाले. भावाच्या शोधात निघालेली डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी, पहाडी चित्रशैलीची आठवण देणारी दृश्ये, दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन अशी ही रचना आहे. साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे वापीजवळच्या चला या गावातून काम करणारा ध्रुव जानी यांचा ‘स्टुडिओ ओलिओमिंगस’. तिथले गेम म्हणजे मीर उमर हसन नावाच्या, कधीच अस्तित्वात नसलेल्या लेखकाच्या संहितांचे जणू अवशेष आहेत. खेळणारा त्या अवशेषांतून हिंडतो, वाचतो, पुन्हा मागे येतो. लेखक ‘मेला’ असे बार्थने सांगितले. इथे तो जन्मलाच नाही आणि तरीही त्याच्या नावाने संहिता वाढत राहते. वाचकाच्या सहभागाविषयी आपण वर्गात जे शिकवतो, त्याचा हा इतका सरळ प्रयोग मराठी कादंबरीतही क्वचित सापडेल.

अशा कामाला मराठीत ‘हौस’ म्हणतात. हा शब्दही बाहेरून आलेला, अरबी ‘हवस’पासून. हिंदीत ‘हवस’ म्हणजे वासना किंवा हाव; मराठीत मात्र तो शब्द इतका निर्मळ झाला की हौशी रंगभूमी, हौशी गिर्यारोहक, बायकांच्या मंगळागौरीची हौस, सगळीकडे तो निःशंकपणे वावरतो. तरी मूळची ऊब त्याला सोडून गेलेली नाही. अमेरिकेतील टार्न आणि झॅक ॲडम्स हे दोन भाऊ २००२ पासून ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ नावाचे एक जग रचत आले. २००६ पासून ते त्यांनी लोकांना फुकट दिले, स्वेच्छेने येणाऱ्या देणग्यांवर गुजराण केली आणि त्याची विक्रीसाठीची आवृत्ती २०२२ च्या डिसेंबरमध्ये काढली. याला केवळ चिकाटी म्हणून भागत नाही. वासनेचा अंश असल्याशिवाय माणूस वीस वर्षे एका कल्पित डोंगरात सुरुंग खणत बसत नाही.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. अशा कृतींविषयी जे कौतुक लिहिले जाते, त्यात कृतीपेक्षा कष्टांचा भाग मोठा असतो. घरदार सांभाळून केले, एकट्याने केले, पदरमोड करून केले. हे सारे खरे असते आणि हे सारे आस्वादाच्या दृष्टीने अप्रस्तुत असते. पदरमोड करून काढलेले टाकाऊ कवितासंग्रह आपण सर्वांनीच वाचले आहेत (काहींना प्रस्तावनाही लिहिल्या आहेत). कष्टांविषयीची सहानुभूती हा सद्गुण असेल, पण तिला दाद म्हणता येणार नाही. हौशी माणसाला हौशी म्हणून सूट देणे हा त्याचा अपमान आहे. कारण त्यात ‘तुझ्याकडून याहून अधिक अपेक्षा नव्हती’ असा अर्थ लपलेला असतो.

प्रश्न खरा अवघड होतो तो ‘प्रौढांसाठी’ या शिक्क्यापाशी. एकट्याने रचलेल्या गेमचा एक मोठा भाग शृंगाराचा, उघड कामव्यवहाराचा आहे. त्यातला बहुतेक भाग सुमार आहे. पण हे विधान कोणत्याही वाङ्मयप्रकाराविषयी करता येते. रॉबर्ट यांग या रचनाकाराचा २०१७ मधला ‘द टीरूम’ हा गेम पाहावा. १९६२ साली ओहायोतील मॅन्सफील्ड येथे सार्वजनिक स्वच्छतागृहात भेटणाऱ्या पुरुषांवर पोलिसांनी लपून पाळत ठेवली होती. ती घटना या गेमला आधारभूत आहे. यांग यांच्या आधीच्या कृतींवर खेळांच्या प्रक्षेपणाच्या एका संकेतस्थळाने बंदी घातली होती. म्हणून या वेळी त्यांनी पुरुषांच्या लिंगांच्या जागी बंदुका दाखवल्या. बंदुकांना तिथे कधीच हरकत नसते. वक्रोक्तीचे याहून नेमके उदाहरण मला तरी आधुनिक दृश्यकलेत आठवत नाही. निषिद्ध काय आणि मान्य काय, याचा सारा हिशेब एका अदलाबदलीत उघडा पडतो. ही कृती अश्लील आहे काय? आहे, आणि तिचा अर्थ त्या अश्लीलतेवाचून उभाच राहत नाही.

दाद म्हणजे संमती नव्हे, हे दुसऱ्या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. कॅनडातील क्रिस्टीन लव्ह यांच्या २०१६ मधील ‘लेडीकिलर इन अ बाइंड’ या प्रौढ कथाखेळाचे जाणकारांनी स्वागत केले; पण त्यातील एका प्रसंगात संमतीचा भंग होतो, अशी टीकाही झाली. टीका करणारे त्या कृतीवर प्रेम करणारेच होते. लव्ह यांनी तो प्रसंग नंतर बदलला. बदल योग्य होता की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. महत्त्वाचे हे की कृती समोर होती, तिच्याशी बोलणारे वाचक होते आणि उत्तर देणारी लेखिका होती. न्यायाची प्रक्रिया म्हणतात ती हीच.

जुलै २०२५ मध्ये जे घडले ते नेमके याच्या उलट होते. ऑस्ट्रेलियातील एका संघटनेने बलात्कार आणि अगम्यगमन दाखवणाऱ्या गेमविरुद्ध मोहीम चालवली. तिचा रोख पैशाचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपन्यांवर होता. ‘स्टीम’ या मोठ्या विक्रीमंचाने अनेक गेम काढून टाकले. स्वतंत्र रचनाकारांचे माहेर समजल्या जाणाऱ्या ‘इच’ने तर प्रौढांसाठीच्या सर्वच कृती शोधसूचीतून एका झटक्यात वगळल्या आणि महिन्याच्या अखेरीस त्यांतल्या विनामूल्य कृती परत घ्यायला सुरुवात केली. मोहिमेचे मूळ कारण खोटे नव्हते. स्त्रीवरील अत्याचार हाच ज्याचा विषय आणि तोच ज्याचा पुरस्कार, अशा गेमविषयी स्त्रियांनी संताप व्यक्त करणे हा त्यांचा हक्क आहे आणि प्रस्तुत लेखक त्यांच्याच बाजूचा आहे. परंतु देयकांची यंत्रणा वाचू शकत नाही. अत्याचाराचे चित्रण आणि अत्याचाराचा पुरस्कार यांतला भेद वाचल्याशिवाय कळत नाही, आणि हा भेद ओळखण्यासाठीच तर समीक्षा नावाचा उद्योग अस्तित्वात आला.

इथे र. धों. कर्वे यांची आठवण अपरिहार्य ठरते. ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले; नोकरी गमावलेली, आमदनी अल्प, संसाराचा भार पत्नी मालतीबाईंच्या मिळकतीवर. प्रौढांसाठी, स्वतंत्रपणे आणि ध्यासापोटी केलेल्या कामाचा मराठीतला आद्य नमुना हाच. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात, वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. पण न्यायालयापुढे कर्व्यांचा मजकूर वाचला गेला. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लील लिहिणे नव्हे, हा युक्तिवाद मांडला गेला आणि तो नाकारण्यासाठी न्यायाधीशाला कारणे द्यावी लागली. ती कारणे आजही आपण तपासू शकतो, खोडू शकतो. आंबेडकर हरले तरी कर्व्यांना दाद मागता आली. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या दिवाळी अंकातील कथेवरचा खटला तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष ठरले. सूचीतून रातोरात नाहीसा झालेला गेम कोणापुढे उभा राहणार? मलकापूर आणि नांदुरा यांच्यामध्ये महामार्गावर वसलेल्या वडनेर भोलजीसारख्या गावातून एखाद्याने असा गेम रचला, तर त्याचे दुकान परदेशात, पैशाची वाट परदेशातून आणि आक्षेप घेणाराही परदेशात. त्याला दंड ठोठावणारे दंडाधिकारीसुद्धा मिळणार नाहीत.

आणि आपण? मराठी समीक्षकाने या कृतींना ना दाद दिली ना दूषण. मौन पाळले. शृंगाराच्या बाबतीत ही आपली जुनी सवय आहे. गाथासप्तशती आपण प्राकृताच्या आडून मिरवतो, आणि राम जोशींच्या लावण्यांचा विषय निघाला की ते पुढे कीर्तनाकडे वळले हे सांगून सुटकेचा निःश्वास टाकतो. मौनाला तटस्थता समजण्याची चूक मात्र होऊ नये. यंत्रणा जेव्हा सरसकट पुसून टाकते, तेव्हा चांगले आणि वाईट असा निवाडा आधी कोणी लिहून ठेवलेला नसेल, तर चांगल्याच्या बाजूने दाखवायला हाती काहीच राहत नाही.

याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहून छापून घेतले. व्यभिचार, विधवेचे शरीर, पुरुषांचा दुटप्पीपणा यांविषयी इतक्या उघडपणे तोवर कोणी मराठी स्त्री बोलली नव्हती. टवाळी झाली. जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मध्ये १८८५ साली त्यांची बाजू घेतली, पण तो आवाज फार एकाकी होता. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुनर्मुद्रित केले तेव्हा नव्वदहून अधिक वर्षे लोटली होती. पुस्तकाची प्रत कुठेतरी उरली होती म्हणून हे शक्य झाले. गेमची प्रत उरायची तर तो चालवणारे यंत्र उरावे लागते, त्या यंत्राची आज्ञावली उरावी लागते, आणि जिथून तो उतरवून घ्यायचा त्या सूचीत त्याचे नाव असावे लागते.