जस्ताची उणीव आणि अभावाचे ज्ञान

जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कशाने कळते, या वरकरणी पोरकट भासणाऱ्या प्रश्नावर आपल्या शास्त्री-पंडितांनी शतकानुशतके वाद घातला. नैयायिक म्हणाले, घटाचा अभाव डोळ्यांनाच दिसतो. कुमारिल भट्टांच्या अनुयायांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी त्यासाठी अनुपलब्धी हे निराळे प्रमाण मानले. परंतु एक अट उभय पक्षांनी सांभाळली, ती अशी की, वस्तू असती तर जेथे ती खात्रीने दिसली असती, तेथे ती न दिसणे एवढाच काय तो अभावाचा पुरावा. अंधाऱ्या कोठीत घट दिसला नाही, म्हणून तो नाहीच, असा फैसला देण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही.

शरीरातील जस्ताची उणीव ओळखू पाहणाऱ्या वैद्याची गाठ नेमकी या अंधाऱ्या कोठीशी पडते. प्रौढ मनुष्याच्या देहात जस्त असते ते सुमारे दोन ग्रॅम, आणि त्याचा बहुतेक भाग स्नायूंत व हाडांत गुंतलेला असून रक्तद्रवात जेमतेम हजारातला एक हिस्सा खेळत असतो. म्हणजे ज्याच्या जबानीवर आपण विसंबतो, तो साक्षीदार मुळात खजिन्याच्या दारापाशीही उभा नसतो. शिवाय त्याची जबानी वेळेगणिक फिरते: जेवणानंतर आकडा उतरतो, अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असला तर जस्त यकृताकडे खेचले जाऊन तो आणखी उतरतो, आणि नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या तर उलट चढतो. सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात स्त्रियांसाठी डेसिलिटरला ७० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली आहे खरी, पण ती समूहाची पाहणी करण्यास जितकी उपयोगी, तितकी एकट्या रोग्याचा निवाडा करण्यास नाही.

मग उरतात लक्षणे. खुंटलेली वाढ, लांबलेले वयात येणे, वारंवार होणारे जुलाब, न भरणारी जखम, गेलेली चव. यांतले एकही असे नाही की जे जस्ताच्या उणिवेवाचून अन्य कारणाने उद्भवत नाही. (नखांवरचे पांढरे ठिपके पाहून निदान करणाऱ्या शेजारणींना मी वंदन करतो, ते ठिपके बहुधा नखाला लागलेल्या किरकोळ माराचे असतात.)

१९५८ साली इराणातील शिराझ येथे बिहारच्या बक्सरात जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आणण्यात आला, जो दिसण्यात दहा वर्षांचा होता आणि जो केवळ रोटीवर राहून वर माती खात असे. रक्तक्षय होता, म्हणून लोह दिले, चौरस आहार दिला, आणि अशा रोग्यांत रक्त सुधारले तसे तारुण्यही उमलू लागले. एखाद्या घाईच्या माणसाने तेथेच लोहाच्या नावाने दप्तर बंद केले असते. प्रसादांना मात्र हे खटकले की प्राण्यांत लोहाच्या उणिवेने वाढ अशी खुंटत नाही, जस्ताच्या उणिवेने खुंटते, आणि गव्हातील फायटेट जस्ताला बांधून ठेवते. पुढे इजिप्तमध्ये तशाच तरुणांच्या रक्तातील, केसांतील व लघवीतील जस्त मोजण्यात आले, आणि जस्त घेणारे, लोह घेणारे व नुसता चांगला आहार घेणारे यांची तुलना केली, तेव्हा जस्त घेणारे अधिक वेगाने वाढले.

आयुर्वेदाच्या निदानपंचकात उपशय नावाचे चौथे अंग आहे: औषध वा आहार देऊन पाहावे, बरे वाटले तर व्याधी तो. जस्ताच्या बाबतीत आजही हाच सर्वांत भक्कम दाखला गणला जातो. पण माझ्या मते शिराझच्या रुग्णांनी त्याचे मर्मही उघडे केले आहे, कारण चौरस आहारात जस्तही होते आणि श्रेय लोहाच्या खात्यावर जमा होऊ पाहत होते. अन्वयाला (दिले, तेव्हा बरे वाटले) व्यतिरेकाची (न दिले, तेव्हा वाटले नाही) जोड नसेल तर उपशय हा योगायोगाचा कारकून ठरतो. आणि भरमसाट जस्त महिनोन्‌महिने गिळत राहिल्यास तांब्याची उणीव ओढवते, तेव्हा ही परीक्षा फुकटचीही नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००४ साली जुलाब झालेल्या बालकांना क्षारसंजीवनीबरोबर दहा ते चौदा दिवस जस्त देण्याचे ठरविले: सहा महिन्यांवरील बालकाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०. त्यासाठी बालकाचे रक्त तपासण्याची अट घातलेली नाही.