चोवीसशे पत्रं

दत्ताकाकांनी हयातभर दिवाणी वकिली केली. त्यांची पुतणी सई कॅन्सर सर्जन आहे. आइसलंडवरून एका संध्याकाळी त्या दोघांचं चांगलंच वाजलं, तेव्हा मी शेजारीच होतो.

"काका, आधी हकिगत ऐका," सई म्हणाली. "त्या बेटावर आज चार लाखसुद्धा माणसं नाहीत. साधारण अकराशे वर्षांपूर्वी नॉर्वेकडून आणि ब्रिटिश बेटांवरून थोडी माणसं येऊन राहिली, पुढे बाहेरून फारसं कुणी आलं नाही. 1707 मध्ये देवीची साथ आली. 1783 मध्ये लाकीचा ज्वालामुखी फुटला आणि त्यामागून दुष्काळ पडला. दर वेळी पाच-चार माणसांमागे एक गेलं आणि उरलेल्यांतूनच वस्ती पुन्हा वाढली. कुणा एका पूर्वजाच्या, कॅन्सरपासून राखणाऱ्या बीआरसीए-2 जनुकातली पाच अक्षरं गळाली होती. मोठ्या देशात हा दोष गर्दीत हरवला असता. तिथे आज दर सव्वाशे-दीडशे माणसांत एकाकडे तो आहे."

"म्हणजे इतक्यांना कॅन्सर?"

"कॅन्सर नाही, त्याची शक्यता. बायकांना स्तनाचा आणि बीजकोशाचा, पुरुषांना प्रोस्टेटचा. आणि दोष बापाकडूनही तितकाच येतो, हे लोकांच्या लक्षातच येत नाही."

पुढची गोष्ट डीकोड या कंपनीची. कारी स्टेफान्सन यांनी ती 1996 मध्ये काढली. 2015 मध्ये तिने 2,636 आइसलंडवासीयांचे संपूर्ण जनुकसंच वाचून निष्कर्ष प्रसिद्ध केले. देशाची वंशावळ शतकानुशतकं मागे लिहिलेली असल्यामुळे ज्यांनी रक्ताचा थेंबही दिला नव्हता, त्यांच्याबद्दलही अंदाज बांधता येऊ लागला. हा दोष असलेली सुमारे 2,400 माणसं आम्ही शोधून काढू शकतो, असं स्टेफान्सन उघडपणे सांगू लागले. पण त्यांना पत्र पाठवून तसं कळवायची मुभा नव्हती. नमुने संशोधनासाठी दिलेले, नावांच्या जागी सांकेतिक आकडे.

"मग अडलंय कुठे?" काका म्हणाले. "ज्या कामापुरती संमती, तेवढंच काम. गहाण ठेवलेला दागिना सावकाराच्या बायकोला लग्नात मिरवता येत नाही."

"इथे कुणी मिरवत नाहीये, काका. माझ्याकडे बाई येते तेव्हा गाठ काखेपर्यंत गेलेली असते. पाच वर्षं आधी कळलं असतं तर दरवर्षी एमआरआय केला असता, बीजकोश काढायचे का ते तिला ठरवता आलं असतं. कुणाच्या तरी संगणकात ते माहीत होतं, हे तिला मी कोणत्या तोंडाने सांगू?"

"सांगू नकोस. माणसाला न जाणण्याचाही हक्क असतो."

"तो बजावायला, जाणण्यासारखं काही आहे एवढं तरी कळायला नको?"

काका थोडे अडखळले, पण वकील तो वकील. त्यांनी 2003 चा खटला काढला. आइसलंडच्या संसदेने 1998 मध्ये सगळ्या देशाच्या आरोग्यनोंदी एका भांडारात घालायचा कायदा केला होता. एका मुलीने हरकत घेतली, की माझ्या मृत वडिलांच्या नोंदी त्यात घालू नका. सर्वोच्च न्यायालयाने तिचं म्हणणं मानलं: वडिलांच्या आनुवंशिक माहितीवरून मुलीबद्दलही कळतं, म्हणून तिला हरकत घेता येते. ते भांडार पुढे झालंच नाही.

"बघ," काका म्हणाले, "तिथलंच न्यायालय."

"पण काका, हा निकाल माझ्या बाजूचा आहे! बापाची माहिती ही मुलीचीही माहिती, असं न्यायालयच म्हणतंय. मग ती झाकायचा हक्क तिला आहे आणि मागायचा नाही, हे कसं?"

"मागायचा आहे. मागावी तिने. न मागता तिच्या दारात नेऊन टाकायचा हक्क तुला नाही."

माझ्या मते संध्याकाळभरातलं काकांचं सगळ्यात भक्कम वाक्य हेच होतं. तरी ते अपुरं वाटलं. एका बहिणीने मागितलं आणि तिला 'आहे' असं उत्तर आलं, तर दुसरीच्या कपाळावर निम्मी शक्यता आपोआप लिहिली जाते. तिने मागितलेलं नसतं.

काकांनी मग आकड्यांना हात घातला. हा दोष असलेल्या आइसलंडच्या बायकांना सत्तरीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण 1920 च्या सुमारास 20 टक्क्यांच्या आत होतं, 2002 मध्ये ते 72 टक्क्यांवर गेलं. "जनुक तेच. मग पत्रात लिहिणार काय? शंभरातल्या अठ्ठावीस जणींना सत्तरीपर्यंत तो होणारच नाही. त्यांतल्या काही तुझ्या पत्रापायी छाती कापून घेतील."

"घेतील," सई म्हणाली. "आणि त्या अठ्ठावीस कोणत्या, ते मला कधीच कळणार नाही. याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण बहात्तर जणींना अंधारात ठेवणं हे त्याचं उत्तर नव्हे."

"बरं, आपल्याकडे असलं बेट नाही हे एक बरं."

"समुद्र लागतोच असं नाही. 2017 मध्ये दक्षिण आशियातल्या 263 समाजगटांचा अभ्यास आला. त्यांतल्या 81 गटांत मोजक्या पूर्वजांची छाप फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाली. पिढ्यान्‌पिढ्या पोटजातीतच सोयरीक. वधूवर मेळाव्यात रक्तगट विचारतात, बाकीचं कुणी विचारत नाही."

काका यावर काही बोलले नाहीत. आमच्या घरातही शेवटची तीन लग्नं पोटजातीतच झाली आहेत.

आइसलंडने अखेर 2018 मध्ये मधला मार्ग काढला. एक संकेतस्थळ उघडलं, ज्याला हवं त्याने तिथे जाऊन आपल्याबद्दल विचारावं. पहिल्या वर्षभरातच चाळीस हजारांहून जास्त लोकांनी विचारलं.

"झालं की!" काका खूष झाले. "मी म्हणत होतो तेच."

"ज्याच्या घरात कुणी गेलेलं असतं तो विचारतो. पण दोष बापाकडचा असेल, बापाला बहिणीच नसतील, तर घराण्यात कॅन्सर दिसतच नाही. अशी पोर कशाला विचारेल?"

"मग सगळ्या प्रौढांना एकच पत्र पाठवा. 'तुम्हाला जाणून घ्यायचंय का? हो किंवा नाही.' सगळ्यांनाच गेलं की त्यातून कुणाला काही सूचित होत नाही."

"आणि उत्तरच दिलं नाही तर?"

"तर नाही समजायचं."

"एकोणीस वर्षांच्या मुलीने पत्र फोडलंच नाही, तरी?"

"तरीही. कायद्याला कुठेतरी थांबावं लागतं, सई."

"मग मी तिला दुसरं पत्र पाठवीन," सई म्हणाली. "आणि पंचविसाव्या वर्षी तिसरं."

"हा छळ झाला."

"असेल," ती म्हणाली. "किती पत्रांनंतर, ते तुम्ही ठरवा."