थांबलेली गाडी आणि थोपवून धरलेली गाडी



२५ जुलै हा प्रवाशांचे आश्रयदाते संत ख्रिस्तोफर यांच्या स्मरणाचा पारंपरिक दिवस. त्या सुमारास अनेक धर्मग्रामांत वाहनांना आशीर्वाद दिला जातो. मिस्सा संपल्यावर मोटारी, स्कूटर, रिक्षा, कधी एखादा ट्रॅक्टरही चर्चच्या आवारात रांगेने उभा राहतो आणि धर्मगुरू पवित्र पाणी शिंपडत पुढे जातात. गाडीला आशीर्वाद मिळाला, असे आपण म्हणतो. खरे पाहता तो आशीर्वाद गाडी चालवणाऱ्या हातापायांसाठी असतो. आणि रस्त्यावर त्या गाडीसमोर जो कोणी येईल, त्याच्यासाठीही असतो. म्हणून आज आपण गाडी चालवण्यावर नव्हे, तर गाडी थांबवण्यावर थोडे मनन करू या.

गेल्या काही वर्षांत आपल्या भागात ऑटोमॅटिक गाड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. पूर्वी अशी गाडी म्हणजे श्रीमंतांची चैन समजली जाई. २०१४ साली मारुती सुझुकीने सेलेरिओ ही लहान मोटार एएमटी गिअरबॉक्ससह बाजारात आणली आणि क्लचविना चालणारी गाडी मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली. पुण्या-मुंबईला नोकरी करणारी मुले साताऱ्या-सांगलीतल्या आईवडिलांना आता मुद्दाम अशी गाडी घेऊन देतात. गुडघे दुखणाऱ्या वडिलांच्या डाव्या पायाला आराम मिळतो, आईलाही शिकायला सोपी जाते. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र या गाडीचा एक स्वभाव आहे आणि तो ओळखून घेतलाच पाहिजे.

साधी गिअरची गाडी आपण न्यूट्रलमध्ये टाकून थांबवली, की सपाट रस्त्यावर ती जागची हलत नाही. ऑटोमॅटिक गाडीचे तसे नाही. गिअरचा दांडा ‘डी’वर, म्हणजे पुढे जाण्याच्या खुणेवर असेल, तर बहुतेक गाड्या ॲक्सिलरेटरला पाय न लावताही हळूहळू पुढे सरकतात. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असते. इंजिन फिरत असते, ते तेलाला रेटा देते आणि तेल चाकांना रेटा देते. ब्रेकवर पाय आहे म्हणून गाडी उभी दिसते, पण आतून रेटा चालूच असतो. ती गाडी थांबलेली नसते. ती थोपवून धरलेली असते.

हा फरक शब्दांचा नाही, जिवाचा आहे. खंबाटकीच्या चढावर सुट्टीच्या दिवशी लागलेल्या रांगा आपण कित्येकदा पाहिल्या आहेत. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात, आनेवाडी आणि तासवडे टोल नाक्यांवर, सांगली-मिरज रस्त्यावर गाडीला गाडी लागते. अशा रांगांतून माणसे फिरत असतात. कोणी उकडलेल्या शेंगा विकतो, कोणी भाजलेले कणीस, कोणी स्ट्रॉबेरीचे खोके. एखादे पोर दोन गाड्यांच्या मधल्या हातभर फटीतून पलीकडे जाते. त्याच क्षणी मोबाइल वाजतो. चालक वाकतो, सीटखाली पडलेला फोन शोधतो आणि ब्रेकवरचा पाय नकळत सैल होतो. गाडी फार वेगाने जात नाही. तिला हातभरच पुढे जायचे असते. पण त्या हातभर जागेत एक लेकरू उभे असते.

मग करावे काय? रस्त्याची जाण असलेली माणसे साधे नियम सांगतात. सिग्नलला अर्धा-एक मिनिट थांबायचे असेल, तर गाडी ‘डी’मध्ये राहू द्यावी, पण पाय ब्रेकवर घट्ट असावा आणि लक्ष रस्त्यावर. एवढ्याने गिअरबॉक्सला काही होत नाही. ती त्यासाठीच बनवलेली असते. रांग लांबली, समोरची गाडी हलण्याची चिन्हे दिसेनात, तर आधी ब्रेक, मग हँडब्रेक ओढावा आणि मग गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी. पार्किंगची ‘पी’ ही खूण असेल तर तीही चालते, पण गाडी पूर्ण उभी राहिल्यावरच. त्या खुणेवर आत लोखंडाचा एक लहानसा खटका दात्यात अडकतो. सरकत्या गाडीत तो अडकवू नये आणि चढावर सगळा भार एकट्या त्याच्यावर टाकू नये. अनेक एएमटी गाड्यांना ‘पी’ नसतेच, तिथे हँडब्रेकच कामाचा. चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी जागेवर तोलून धरण्याची सवय तर सोडूनच द्यावी; एएमटीमध्ये तेवढा वेळ क्लच घासत राहतो, तापतो आणि झिजतो. ‘हिल होल्ड’ची सोय असली, तरी ती गाडीला काही क्षणच धरते. आणि पुन्हा ‘डी’मध्ये येताना ब्रेकवर पाय हवाच.

बंधू-भगिनींनो, गिअर बदलण्याचे काम यंत्राने आपल्या हातून काढून घेतले, पण थांबण्याची जबाबदारी आपल्याकडेच ठेवली. देवाच्या कृपेचेही असेच आहे. कृपा आपल्या आयुष्यात न मागता कितीतरी कामे करते. आपल्याला कळण्याआधीच ती आपल्याला चढ चढायला बळ देते. तरीही देव आपला पाय उचलून ब्रेकवर ठेवत नाही. ते स्वातंत्र्य त्याने आपल्याला दिले आहे आणि त्याचा हिशेबही तो आपल्याकडेच मागेल.

आता गाडीतून उतरून आपण घरात येऊ या. आपल्या घरांतही थांबलेली आणि थोपवून धरलेली मने असतात. शेताच्या बांधावरून दोन भावांत बोलणे बंद होते. दोघेही शहाणे, दोघेही देवभीरू. नाताळला एकाच बाकावर बसतात, एकमेकांना शांती देताना हातही जोडतात. लोक म्हणतात, भांडण मिटले. पण आतले इंजिन फिरतच असते. जीभ आवरलेली असते, राग मात्र ‘डी’मध्येच असतो. एखादे दिवशी पाहुण्यांसमोर कोणी सहज ऊसतोडीचा विषय काढतो, पाय निसटतो आणि वर्षानुवर्षे थोपवलेले सगळे एका वाक्यात पुढे येते. त्या दोघांच्या मध्ये तेव्हा कोण उभे असते? बहुतेक वेळा घरातली मुले. चुलत भावंडांचे एकत्र खेळणे त्या दिवसापासून बंद होते.

राग थोपवणे वाईट आहे, असे कोणी समजू नये. तोंडावर आलेला कडू शब्द गिळणे हाही सद्गुण आहे. काइनाने एवढे जरी केले असते, तरी हाबेल वाचला असता. देवाने त्याला आधीच सावध केले होते. पण ब्रेकवरचा पाय थकतो. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू पाचव्या आज्ञेचा अर्थ सांगतो, तेव्हा तो हत्येपाशी थांबत नाही. तो रागापर्यंत जातो. वेदीवर अर्पण आणले असताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर ते तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे तो सांगतो. म्हणजे नुसते आवरून धरू नकोस, मन गिअरमधून बाहेर काढ. पापनिवेदनाचा संस्कार हा आपला हँडब्रेक आहे. तिथे आपण आपले ओझे दुसऱ्याच्या हाती सोपवतो आणि थकलेला पाय उचलू शकतो.

इथे आणखी एक सावधगिरी सांगायला हवी. थांबलेल्या गाडीला न्यूट्रल चांगले, पण घाट उतरताना न्यूट्रल घातक. पेट्रोल वाचवण्यासाठी काही जण पसरणीचा उतार न्यूट्रलमध्ये उतरतात. इंजिनाची रोख सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. उतारावर खालचा गिअरच हवा. तसेच मनाचे आहे. क्षमा करणे वेगळे आणि ‘मला काय त्याचे’ म्हणून अंग काढून घेणे वेगळे. जिथे आपण जबाबदार आहोत, मुलांच्या वळणाला, म्हाताऱ्या आईबापांच्या आजारपणाला, तिथे न्यूट्रलमध्ये राहणे म्हणजे क्षमा नव्हे, बेफिकिरी आहे.

१९ जून २००७ रोजी व्हॅटिकनने रस्त्यावरील लोकांच्या मेषपालीय सेवेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत वाहनचालकांसाठी दहा आज्ञाही होत्या. काही जण त्या वाचून हसले. पोपसाहेबांच्या कचेरीला रस्त्याचे काय पडले आहे, असे त्यांना वाटले. पण त्यांतली पहिली आज्ञा हत्येविषयीच आहे, पाचवी सांगते की मोटार हे सत्ता गाजवण्याचे साधन होऊ नये, आणि नववी सांगते की रस्त्यावर जो दुर्बळ आहे त्याचे रक्षण करावे. रांगेतल्या दोन गाड्यांमध्ये उभा असलेला शेंगावाला मुलगा हाच तो दुर्बळ.

थांबणे हा वेळेचा अपव्यय आहे, असे आपल्याला वाटते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी कोल्हापूरजवळ महामार्गावर आले आणि कित्येक दिवस वाहतूक बंद राहिली. मालट्रकच्या लांबच लांब रांगा लागल्या. तेव्हा महामार्गालगतच्या गावांतल्या लोकांनी अडकलेल्या चालकांना जेवण आणि पाणी नेऊन दिले. अनोळखी परप्रांतीय चालक आणि गावकरी रस्त्यावर एकत्र बसले. यरीहोच्या वाटेवरचा शोमरोनीही थांबला, खाली उतरला, म्हणून जखमी माणूस वाचला. याजक आणि लेवी यांनाही तो दिसला होता. त्यांची पावले मात्र पुढेच चालत राहिली.

तेव्हा या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. गाडी रांगेत थांबली, की फोनला हात लावण्याआधी हँडब्रेक ओढू या आणि समोर कोण उभे आहे ते पाहू या. आणि ज्याच्याशी आपण नुसते आवरून वागत आहोत, त्या एका माणसाकडे पुढच्या रविवारच्या मिस्साआधी स्वतःहून जाऊ या.

हे प्रभो, आमचे पाय, आमची जीभ आणि आमचे मन यांना खरोखर थांबायला शिकव. आमच्यामुळे रस्त्यावर किंवा घरात कोणाही लेकराला इजा होऊ नये, एवढी कृपा दे. आमेन.