माळ आणि सुई

आईच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं इन्शुलिन गढूळ होतं. बाटली तळहातांमध्ये हलकेच फिरवायची, तळाचा पांढरा साका एकजीव झाला की सिरिंज भरायची. हे काम माझं. एकदा तिने विचारलं, "ह्यात काय असतं रे?"

मी खरं ते सांगितलं. साध्या इन्शुलिनचा असर काही तासांत ओसरतो. म्हणून 1936 साली डेन्मार्कच्या हान्स ख्रिश्चन हागेडॉर्न यांनी त्यात ट्राउट माशाच्या वीर्यातलं प्रोटामिन मिसळलं. ते इन्शुलिनला धरून ठेवतं, रक्तात सावकाश सोडतं. आईच्या बाटलीतलं, 1946 चं एनपीएच इन्शुलिन त्याच वाटेचं, आजही त्यात माशाचंच प्रोटामिन असतं. आणि तेव्हा खुद्द इन्शुलिन यायचं गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून.

आईने सुई नाकारली नाही, माळही उतरवली नाही. तिचं बरोबरच होतं. पण "औषधाला दोष नसतो" एवढं म्हणून विषय मिटवणं मला पटत नाही.

मनुस्मृतीतलं पुष्कळ काही मला अमान्य आहे; पंचसूनांचा विचार मात्र मोलाचा वाटतो. चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ, पाण्याचा घडा: घरातल्या या पाच जागी जीव मरतातच. शास्त्र ते झाकत नाही, संसार सोडायलाही सांगत नाही. रोजचे पाच यज्ञ सांगतं, त्यांतला भूतयज्ञ प्राणिमात्रांसाठी.

आता मी स्वतः ग्लार्जिन नावाचं इन्शुलिन घेतो. जिवाणूंकडून तयार करवलेलं, पाण्यासारखं नितळ. आम्लात विरघळलेलं असतं, कातडीखाली गेलं की साकळतं आणि साधारण दिवसभर झिरपत राहतं. एनपीएचचा जोर मध्यरात्री चढायचा. आई घामाने भिजून उठायची, आम्ही तिला साखरपाणी पाजायचो. तो त्रास मला फारसा नाही. सोबतचे माळकरी म्हणतात, आता यात प्राणी नाही, शुद्ध आहे. मला तसं म्हणवत नाही. 1921 साली टोरांटोत कुत्र्यांची स्वादुपिंडं काढली गेली, तिथून हे औषध आलं. त्यानंतरची दीर्घकाळ चालणारी इन्शुलिनंही आधी प्राण्यांवर तपासली गेली, मग माणसांवर. त्या माणसांनी रात्री साखर एकदम उतरण्याची जोखीम पत्करली, म्हणून माझा डोस ठरला. माझं इन्शुलिनचं पेन ही घरातली सहावी सूनाच.

म्हणून आमच्याकडे गोग्रासाबरोबर गल्लीतल्या कुत्र्यांची भाकरी रोज निघते. आणि औषधाच्या चाचणीत नाव द्यावं का, असं कुणी विचारायला आलं, तर त्याच्याशेजारी बसून मी संमतीपत्र ओळीन् ओळ वाचतो.