पाटीवरची दुसरी ओळ

अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवर वर मराठीत आणि खाली उर्दूत नाव आहे. खालची ओळ काढावी, असा अर्ज एका माजी नगरसेविकेने केला होता. नगरपरिषदेने २०२० मध्ये तो बहुमताने फेटाळला. पुढे जिल्हाधिकाऱ्यांनी तो मान्य केला, विभागीय आयुक्तांनी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रद्द केला आणि वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. सुधांशू धुलिया व न्या. के. विनोद चंद्रन यांनी १५ एप्रिल २०२५ रोजी उर्दूची ओळ कायम ठेवली.

कायद्याचा प्रश्न म्हटला तर छोटा होता. स्थानिक संस्थांच्या राजभाषेविषयी महाराष्ट्राने २०२२ मध्ये केलेला कायदा सांगतो की मराठी हवीच. याचा अर्थ मराठीच हवी असा होतो का? फरक एका 'च'च्या जागेचा. न्यायालय म्हणाले, मराठीसोबत दुसरी भाषा वापरायला मनाई नाही.

पण निकाल तिथे थांबला नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच मातीत जन्मली, असेही त्याने सांगितले. आपल्याकडे हा निकाल आनंदाने वाचला गेला. मात्र यातले पहिले वाक्य आपल्यालाही लागू आहे, याचा विचार फारसा झाला नाही. "उर्दू आपली मजहबी जबान," असे आपल्या मोहल्ल्यांत सर्रास म्हटले जाते. कुरआन शरीफ अरबीत आहे. कोकणातला मुसलमान घरी कोकणी बोलतो, म्हणून त्याचे इमान उणे ठरत नाही. आणि उर्दू खरोखरच धर्माची भाषा असेल, तर सरकारी इमारतीवर ती कशाला, हा विरोधकांचा सवाल बिनतोड ठरेल. आपल्या कौतुकानेच आपला दावा कच्चा होतो.

न्यायालयाने आधार घेतला तो उपयोगाचा. नगरपरिषद लोकांच्या सेवेसाठी आहे. लोकांना समजेल त्या भाषेत तिने बोलावे, एवढेच. मग ती ओळ वाचणार कोण? उर्दूसाठी सभा घेणाऱ्यांची मुले बहुधा इंग्रजी माध्यमात असतात. आम्हा उर्दू शिक्षकांच्या वर्गात येतात ती हमालाची, रिक्षावाल्याची, यंत्रमाग कामगाराची मुले. त्यांच्यासाठी उर्दू हा जुन्या तहजीबीचा दागिना नाही. अक्षर असे त्यांना आधी तिच्यातूनच भेटते. (आमच्या पेशातल्या काहींची मुलेही इंग्रजीतच जातात, हेही नोंदवायला हवे.)

याच मुलांना वरची ओळही वाचता यायला हवी. उर्दू शाळेत मराठी विषय असतो, पण पुष्कळ घरांत तो पास होण्यापुरता धरला जातो. अर्ज, दाखला, नक्कल, तारीख हे मराठी कचेरीतले शब्द आमच्या मुलांना कानाने ओळखीचे आहेत. देवनागरीत छापलेले दिसले की ती अडखळतात आणि जन्माच्या दाखल्याचा साधा अर्ज भरून घ्यायला बाहेर टेबल टाकून बसलेल्या माणसाकडे जातात.