लपविलेले कर्ज

(मननासाठी शास्त्रभाग : 2 राजे 4:1–7)



व्यसन, भांडण व आळस यांविषयी आमच्या उपदेशपीठांवरून पुष्कळ बोलले जाते. पण ज्या दुःखाने गावोगावच्या कित्येक घरांतील झोप उडविली आहे, त्या कर्जाविषयी आम्ही क्वचितच तोंड उघडतो. कर्जदार बंधू रविवारी उपासनेस येतो, गीत गातो, दानाच्या थैलीत नाणे टाकतो; आणि सोमवारी हप्तेवाल्याच्या गाडीचा आवाज आला की मागल्या दाराने शेताकडे निघून जातो. त्याच्या शेजारी बसणाऱ्यास याची वार्ताही नसते. म्हणून आज या विषयाकडे वचनाच्या प्रकाशात पाहू.

संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे रडत आली. पती निवर्तला होता, आणि धनको तिच्या दोन्ही मुलांना दास करून नेण्यास येत होता. येथे प्रथम हे ध्यानात घ्यावे की, तो मृत मनुष्य देवाचे भय बाळगणारा होता आणि तरी तो ऋणी मेला. यास्तव कर्जदार दिसला की तो उधळ्याच असेल, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? कोणी मुलीच्या लग्नात लोकलज्जेस भिऊन कर्ज काढतो, हे खरे. पण कोणी आईच्या शस्त्रक्रियेसाठी काढतो, कोणी पावसाने दगा दिला म्हणून दुसऱ्या पेरणीसाठी काढतो.

दुसरी गोष्ट ही की, त्या बाईने आपले दुःख झाकून ठेवले नाही. अलीशानेही तिला दोष दिला नाही. घरात काय उरले आहे, एवढेच त्याने विचारले. तेलाच्या एका बुधलीवाचून काही नाही, असे तिने खरे ते सांगितले. सुटकेचा आरंभ तेथे झाला.

आमच्या घरांत याच्या उलट घडते. नवरा बायकोपासून लपवितो, बायको नवऱ्यापासून. एका गटाचा हप्ता भरण्यास दुसऱ्या गटाचे कर्ज, ते फेडण्यास सोने गहाण, आणि शेवटी खाजगी सावकार. त्याचा दर दरमहा शेकडा पाच. ऐकावयास तो लहान वाटतो. पण दहा हजार रुपयांवर महिन्यास पाचशे, वर्षास सहा हजार, आणि वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज भरूनही मुद्दल जसेच्या तसे उभे! आमच्या पूर्वजांना दामदुपटीचा नियम ठाऊक होता : व्याज मुद्दलापेक्षा अधिक मागू नये. पण जो हिशेबच मांडीत नाही, त्याला दुप्पट केव्हा झाली हे कळावे कसे?

आमच्याच मुलखातील एक इतिहास सांगतो. अमेरिकेतील यादवी युद्ध 1865 साली संपले, कापसाचे भाव पडले, त्यातच सरकारने सारा वाढविला, आणि दख्खनचा कुणबी सावकारांच्या हाती गेला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक उठले. त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे काढून जाळले, आणि हे लोण गावोगाव पसरले. त्यांचा संताप आम्हांस समजतो; पण कागद जळाल्याने गरज जळत नाही. त्यानंतर 1879 साली शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याचे मर्म निराळे होते. रोख्यावरील आकड्यावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासून हिशेब तपासावा, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैदेत घालू नये, असे त्याने ठरविले. जाळून जे साधले नाही, ते उजेडात आणून काही अंशी साधले.

मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे की, कोणाचे जाते गहाण घेऊ नये. कारण त्यावर त्याचा जीव चालतो. हाच न्याय आमच्या देशाच्या 1908 च्या दिवाणी कायद्यातही दिसतो. कर्जदाराचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी व अंथरुणे, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, आणि पोटापुरती लागणारी जनावरे व बियाणे यांवर जप्ती आणता येत नाही. आपल्याच सहीने जे गहाण टाकले, त्याची गोष्ट निराळी. म्हणून सही करण्यापूर्वी कागद वाचवून घ्यावा. प्रामाणिकपणे देणे देण्यास जो असमर्थ आहे, त्यास केवळ त्या असमर्थतेसाठी तुरुंगात टाकणे अन्यायाचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली सांगितले. वसुली करणाऱ्यांनी सकाळी आठच्या आत व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करून सतावू नये, असा निर्बंध रिझर्व्ह बँकेने 2022 साली आपल्या देखरेखीखालील संस्थांना घातला. जो लपून बसतो, त्याला ही संरक्षणे असूनही नसल्यासारखीच.

दिवाळखोर हा शब्द आम्ही शिवीसारखा वापरतो. पण 1920 च्या नादारीच्या कायद्याचा हेतू पाहा. जो आपली सर्व मालमत्ता व सर्व देणी न्यायालयापुढे उघड करतो, त्यास ऋणमुक्त करण्याची वाट त्यात ठेविली; आणि जो कपटाने वह्या किंवा मालमत्ता दडवितो, त्यास एक वर्षापर्यंत कैद सांगितली. मनुष्यांनी केलेल्या कायद्यासही सत्य सांगणारा व दडविणारा यांतील भेद कळला, तर मंडळीस तो कळू नये काय?

आता शेजाऱ्यांकडे पाहा. अलीशाने त्या विधवेस शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणण्यास सांगितले. जेवढी भांडी मिळाली, तेवढे तेल झाले. भांडी संपली तेव्हा तेल थांबले. बंधूंनो, आमची भांडी कोठे आहेत? पाळकाने व पंचांनी कर्जदाराजवळ बसावे, मुद्दल, व्याज व मुदत एका वहीत मांडावी, बँकेत किंवा वकिलाकडे त्याच्याबरोबर जावे, आणि ऐकलेले चव्हाट्यावर नेऊ नये. आणि आमच्यांतीलच कोणी व्याजबट्टा करीत असेल, तर त्याने नहेम्याचा पाचवा अध्याय वाचावा. तेथे शेते व द्राक्षमळे परत करावे लागले, ते स्वजातीच्या धनकोंनाच.

शेवटी, त्या बाईने तेल विकले, देणे फेडले, आणि उरलेल्यावर ती व तिची मुले जगली. देणे बुडविणे हा विश्वासणाऱ्याचा मार्ग नव्हे. पण देण्यासाठी जीव देणे हाही नव्हे. देव फेडण्याची वाट दाखवितो व जगण्याचीही. जो कोणी आज रात्री अंधारात आकडे मोजीत बसला असेल आणि ज्याच्या मनात भलते विचार येत असतील, त्यास आम्ही हात जोडून विनवितो : बंधू, तुझा जीव कोणत्याही रोख्यात लिहिलेला नाही. उजाडेपर्यंतही थांबू नको. आताच घरच्या माणसास उठव, पाळकाचे दार ठोठाव, आणि जे आहे ते सांग.

ज्याने आमचे सर्वांत मोठे ऋण आपल्या अंगावर घेतले, तो प्रभू आम्हांस सत्य सांगण्याचे धैर्य व ऐकून घेण्याची दया देवो. आमेन.