डाव्या बाजूचे बोलणे

मामूंचा डावा कान वाहू लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी ते थंडीवर ढकलले. थेंब घातले, गोळ्या झाल्या. दोन महिन्यांनी त्याच बाजूचा चेहरा वाकडा झाला, चहा ओठांच्या कोपऱ्यातून गळू लागला. मग स्कॅन झाले, कानामागच्या हाडाचा तुकडा तपासला गेला आणि डॉक्टरांनी विचारले, "बिडी ओढतात का?" मूळ रोग फुफ्फुसात होता. खोकला मात्र नावालाच.

फुफ्फुसाचा कॅन्सर मेंदू, यकृत, हाडे, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी इथे पसरतो. कानाच्या हाडात तो क्वचितच जातो, म्हणून कान फुटल्यासारखाच वाटतो. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी पाहून लिहिले, की बी सगळीकडे जाते, पण मानवेल त्याच मातीत रुजते.

घरात ठरले, मामूंना सांगायचे नाही. "हाडात पू झालाय," एवढेच सांगितले. डाव्या कानाने त्यांना ऐकू येईनासे झाले होते. आम्ही नकळत त्या बाजूला बसून रिपोर्टविषयी बोलू लागलो. मीही बोलले. वर्गात मुलांना खरेपणाचा धडा शिकवणारी मी!

मामेभाऊ म्हणायचा, कळले तर अब्बांचा धीर सुटेल. त्यात दया होती, ते मी नाकारत नाही. पण खबर कोणाची? ज्याचे शरीर, त्याची ती अमानत. आम्ही नुसते सांभाळणारे. मामूंच्या दुकानाची उधारी बाकी होती, धाकट्या भावाशी बांधावरून नऊ वर्षे अबोला होता, वसियत लिहिलेली नव्हती. काहीही काढले की ते म्हणत, "ईदनंतर पाहू." त्यांना ही ईदनंतरची मुदत आमच्या खोट्यानेच दिली होती.

ऐकायचेच नसेल तर न ऐकण्याचाही हक्क माणसाला आहे. पण तोही त्याला विचारूनच कळणार ना?

एका संध्याकाळी मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. "मामू, रिपोर्टमध्ये काय आहे ते ऐकायचे आहे का?"

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "बेटा, आधी दार लोटून घे."

मामेभाऊ त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. मामूंनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच उधारीची वही मागवली.